गडगनेरात आलेली गालफुगी

लग्न ठरलं की आमच्याकडे नवरदेवाला जेवू घालायची चढाओढ लागते. शहरात त्याला केळवण म्हणतात, आमच्या पिशोरकडे गडगनेर. भावकीतलं एकही घर वगळून चालत नाही. वगळलं तर ते घर पुढच्या प्रत्येक लग्नात ते बोलून दाखवतं. नवरदेवाला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, डोक्यावर टोपी ठेवायची आणि पुरणपोळीवर तूप ओतत राहायचं. शेजारी करवली बसते आणि ती नवरदेवाच्याच ताटात जेवते. माझ्या दादाच्या लग्नात करवली होती ताईची मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. ती दादाच्या हातातला घास अर्धा तोडून घ्यायची आणि स्वतःचा उष्टा लाडू त्याच्या तोंडात कोंबायची. सगळे हसायचे, दादाही हसत खायचा.

गडगनेरं सुरू झाली त्याच आठवड्यात भाचीचे गाल सुजले. तिच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांना तेच झालं होतं, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. ताईने कानाखाली गेरूचा लेप लावला. भाची लाल गालांनी गावभर हिंडली आणि ताप उतरल्यावर पुन्हा दादाच्या ताटात येऊन बसली.

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. जी गोष्ट सांगायची आहे ती घरात ज्या शब्दांनी बोलली गेली, ते शब्द लिहिताना अजून माझा हात थांबतो. शेवटी दादालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही. फक्त नाव टाकू नको."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. छत्रपती संभाजीनगरला टीव्ही सेंटरजवळ एका खोलीत आम्ही तिघं मुलं राहतो आणि मी विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आईला तो नीट उच्चारता येत नाही, म्हणून ती लोकांना सांगते, "त्याचं डॉक्टरकीच्या अलीकडचं शिक्षण चालू आहे." त्यामुळे गावात गेलो की कुणी गुडघा दाखवतं, कुणी म्हशीचं आचळ. मी प्रत्येकाला सांगतो की मला यातलं काही कळत नाही. ते म्हणतात, "आरे, लाजू नको."

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. दहावीनंतर त्याने शाळा सोडली, शेती हातात घेतली आणि पिशोरला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं. मुलगी वैजापूरकडची होती, बी.ए. झालेली. ती फोनवर दादाला काय बोलायची माहीत नाही, पण तिचा फोन आला की दादा दुकानातल्या गिऱ्हाइकाला नळी फुकट मोजून देईल की काय असं वाटायचं.

लग्नासाठी सुट्टी घेऊन मी गावी गेलो तेव्हा शेवटची गडगनेरं चालली होती. दादाला पाहिलं आणि वाटलं, चांगलाच भरलाय. दोन्ही गाल कानापासून जबड्यापर्यंत गोल झाले होते. चुलत्यांच्या घरी काकू ताट वाढत होती. तिने दादाची हनुवटी धरून सगळ्यांना दाखवली.

"बघा, माझ्या हातच्या पोळीचं तेज. पंधरा दिवसांत नवरदेवाचे गाल कसे भरून आलेत."

"फक्त गालच भरलेत," माझे दाजी म्हणाले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. "पोट तिथंच आहे. पोळी गालातच ठेवतो वाटतं."

दादा हसला, पण घास चावताना त्याने डोळे मिटले. चावायला त्रास होत होता. आईने त्या दिवशी मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढली, कारण इतके लोक त्याच्या गालांबद्दल बोलत होते.

मी विचारलं, "दादा, गालफुगी तर नाही ना?"

उत्तर काकूने दिलं. "गालफुगी लेकरांना होती रे. बोहल्यावर चढायच्या वयात कुणाला झाली तर सांग."

सगळे हसले आणि मी गप्प बसलो. आपल्याला येतं ते चारचौघांत ठामपणे सांगायची सवय मला तेव्हा नव्हती. घरात मोठी माणसं बोलत असताना मधे बोलायचं नाही, एवढंच शिकलो होतो.

गालांची सूज उतरायला लागली तशी दादाला थंडी वाजून ताप आला. पिशोरच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दगदग झाली असेल, असं सगळे म्हणाले. मंगळवारी संध्याकाळी हळद होती. अंगणात मांडव पडला होता, बायकांनी जात्याला सुपारी बांधली होती, आणि दादा पाटावर बसायला तयार नव्हता. बसला की लगेच एक मांडी उचलून वाकडा होत होता.

"नवरदेव आत्तापासून लाजायला लागला," कुणीतरी म्हणालं.

हळद लागली. दादाच्या हातात कट्यार दिली, तिच्या टोकाला लिंबू खोचलं. त्यानंतर अंघोळीसाठी तो न्हाणीत गेला आणि आतून त्याने मला हाक मारली. मी गेलो. अंगभर हळद, कमरेला टॉवेल, आणि तो भिंतीला टेकून उभा होता.

"दार लाव," तो म्हणाला. मी लावलं.

"खाली लई दुखतंय. एक बाजू सुजलीये. कालपासून."

आम्ही दोघं भाऊ एका ताटात जेवलेले, एका गोधडीत झोपलेले, पण या विषयावर आमच्यात कधी एक शब्द झाला नव्हता. मी खाली पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दाखव," मी म्हणालो.

त्याने दाखवलं. उजवी बाजू डावीच्या दुप्पट झाली होती, लाल, आणि हात लावू देत नव्हता.

माझ्या डोळ्यांसमोर वर्ग उभा राहिला. विषाणूंचा धडा शिकवताना आमच्या बाईंनी सांगितलं होतं की गालफुगीचा विषाणू लहान मुलांना सहसा साधा ताप देऊन जातो, पण वयात आलेल्या पुरुषाला झाला तर काहींच्या वृषणापर्यंत पोहोचतो. मागच्या बाकांवर हशा पिकला. बाई थांबल्या. हसणं संपल्यावर त्यांनी तेच वाक्य तशाच आवाजात पुन्हा म्हटलं आणि पुढे गेल्या. मी तेव्हा बाकाकडे बघत बसलो होतो. आता ते वाक्य माझ्या मोठ्या भावाला सांगायचं होतं.

"दादा, तुझे गाल पोळीने भरले नव्हते. ती गालफुगीच होती. भाचीकडून तुला आली. मोठ्या माणसात ती कधी कधी इथं उतरते."

त्याने टॉवेल पुन्हा कमरेला गुंडाळला. मग त्याने विचारलं, "यानं लेकरू व्हायचं थांबतं का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही. शहरात डॉक्टरला दाखवू, उद्या सकाळी."

"मला हळद लागलीये."

हे वाक्य बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे हळद लागलेला नवरदेव लग्नाला निघेपर्यंत गावाची वेस ओलांडत नाही. ओलांडली तर बाहेरचं काही लागतं, अशी समजूत. माझ्या आईने हळदीच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही नवरदेवाला दुकानापर्यंतसुद्धा जाताना पाहिलेलं नव्हतं. आणि लग्न गुरुवारी होतं.

सकाळी मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, गोठ्यामागे गाठलं. सगळं सांगितलं. बोलताना माझा आवाज बारीक झाला होता. आप्पांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकून घेतलं.

"हवा भरली आसंल," ते म्हणाले. "तुझ्या मामाला पण झालं होतं. एरंडाचं पान गरम करून बांधलं की उतरतं."

"आप्पा, शेकायचं नाही याला. आणि ही हवा नाही. कदाचित आत पीळ बसला असेल, मग तर आजच्या आज ऑपरेशन लागतं. मला ओळखता येत नाही, म्हणूनच डॉक्टरकडे न्यायचंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी इतकं सलग त्यांच्यापुढे कधी बोललो नव्हतो.

घरात मात्र गोंधळ झाला. आई उंबऱ्यात बसली. "हळदीचं पोर येस ओलांडत नाय. बाहेरचं काय लागलं तर जल्मभर निस्तरायचं. उद्या लग्न आहे, परवा जा."

"परवा उशीर होईल, आई."

"आन मुलीकडच्यांना कळलं मंग? नवरदेवाला त्या जागी काहीतरी झालंय म्हून?"

खरी भीती ही होती. वेशीची भीती तिच्या पुढे उभी होती, इतकंच. ताप आला, पाय मोडला, तर लोक विचारपूस करतात. इथे मात्र कुणाला नाव सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात दादाच बाहेर आला. पायजमा घातलेला, चेहरा पिवळा, आणि हातात कट्यार.

"आई, ही घेऊन जातो. लिंबू पण नवं खोचलंय. आता मला कोण लागतंय बघू."

दाजी हसले आणि आईचा ताण थोडा सैल झाला. आप्पा म्हणाले, "गाडी काढा." दाजींची चारचाकी होती, म्हणून दाजी निघाले. मी मागे दादाशेजारी बसलो. त्याच्या मांडीखाली आईने गोधडी घडी करून ठेवली आणि आमच्या गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

दौलताबादच्या जुन्या दरवाजात नेहमीसारखी गाड्यांची रांग अडकली होती. सहलीची बस आत घुसली होती आणि समोरून ट्रक. आमच्या खिडकीशी पेरू विकणारी बाई आली. तिने दादाची हळद पाहिली, कट्यार पाहिली.

"नवरदेव, नवरी कुणीकडं अन् तुम्ही कुणीकडं चाललात?"

"नवरदेवाला पेरू आणायला पाठवलंय," दाजी म्हणाले. दादा हसला, आणि हसताना दुखलं म्हणून त्याने माझा हात घट्ट धरला.

जालना रोडवरच्या मूत्रविकारांच्या एका दवाखान्यात बसायला खुर्च्या होत्या, पण दादा उभाच राहिला. बाकड्यावर पाच-सहा पुरुष होते, बहुतेक म्हातारे, लघवीच्या तक्रारींचे. पिवळाधम्मक माणूस कट्यार घेऊन आल्यावर सगळ्यांनी मोबाईल खाली ठेवले. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "काय त्रास आहे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. मागे सगळे ऐकत होते.

"वृषणाला सूज आहे," मी म्हणालो. पुस्तकातला शब्द होता, पण स्पष्ट म्हणालो. "गालफुगी झाली होती आठवड्यापूर्वी. आता ताप आणि सूज. उद्या लग्न आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग यांना आधी आत घेते," त्या म्हणाल्या. बाकड्यावरचे एक आजोबा म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या. आमचं काही मुहूर्ताचं काम नाही."

डॉक्टर पन्नाशीचे होते. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, पडद्यावर रक्ताचा प्रवाह दिसतो तो दादाला दाखवला. पीळ नव्हता. पीळ असता तर काही तासांत तो भाग गेला असता, म्हणून अशी सूज आली की वाट बघायची नसते, असं ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या गावच्या माणसाशी बोलावं तसं बोलायला लागले.

"हा गालफुगीचाच विषाणू आहे. याला मारणारं औषध नाही, तो आपण होऊन जातो. वेदनेची गोळी, बर्फाचा शेक कपड्यात गुंडाळून, लंगोटासारखा घट्ट आधार आणि आराम. एवढंच."

"गरम पान?" दाजींनी विचारलं.

"अजिबात नाही. या अवयवाला थंडच लागतं, म्हणून तर देवानं तो बाहेर ठेवलाय."

दादाने घसा साफ केला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"सर, मला लेकरू होईल का?"

"बहुतेक होईल," डॉक्टर म्हणाले. "तुमची एकच बाजू धरलीये. दुसरी चांगली आहे. सुजलेली बाजू बरी झाल्यावर थोडी आकसू शकते. बीज काही महिने कमी होऊ शकतं. दोन्ही बाजू धरल्या तर धोका जास्त, तरीही अजिबात मूल न होणं हे कमीच लोकांच्या वाट्याला येतं. तीन-चार महिन्यांनी वीर्याची तपासणी करा, आधी नको. आत्ता केली तर कमीच येईल आणि तुम्ही उगाच खचाल. डेंग्यू झाला, फ्लू झाला, जोराचा ताप आला, तरी काही महिने आकडा खाली जातो. मग भरून येतो."

"आणि..." दादा पुढे बोलेना.

डॉक्टरांना कळलं. "नवरा-बायकोच्या संबंधाला याचा अडथळा नाही. दुखणं थांबेपर्यंत दोन-तीन आठवडे दम धरा. नंतर अडचण आली, तर ती बहुतेक भीतीची असते. तेव्हा माझ्याकडे या, बाबाकडे जाऊ नका. बायकोला यातून काही अपाय नाही. गाल सुजून आठवडा झालाय, त्यामुळे पसरायचं जे होतं ते पसरून झालंय. लग्न करा. नाचू नका. आणि घोड्यावर बसायचं नाही."

दाजींनी डोक्याला हात लावला. लग्न लागायच्या आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळात नेतात, वाजतगाजत. घोड्यावर न बसलेला नवरदेव आमच्या भावकीने पाहिलेला नव्हता.

निघताना डॉक्टरांनी घरात आणखी लहान मुलं आहेत का विचारलं, आणि दाजींनी भाचीच्या धाकट्या भावाचं सांगितलं. गालफुगीची लस असते, सरकारी लसीकरणात ती मिळत नाही, बालरोगतज्ज्ञांकडे मिळते, असं त्यांनी सांगितलं. दाजींनी ते मोबाईलमध्ये बोलून ठेवलं.

परतताना दादाने गाडीतच पहिली गोळी घेतली. गोळीने दादाला जरा बरं वाटत होतं. शहर मागे पडल्यावर तो म्हणाला, "तिला सांगायला पाहिजे."

दाजींनी गाडीचा वेग कमी केला. "कुणाला?"

"कुणाला म्हंजे? जिच्याशी उद्या लग्न आहे तिला."

"येडा झाला का तू? डॉक्टर म्हणाले ना बहुतेक काही होत नाही म्हून."

"बहुतेक म्हणाले. मी पण तिला बहुतेकच सांगतो."

"अन् तिच्या बापानं लग्न मोडलं तर? मांडव पडलाय, पाव्हणे आलेत."

"मोडलं तर मोडलं. नंतर कळलं तर ती म्हणेल, माहीत होतं अन् हळद लावून बसला." दादा माझ्याकडे वळला. "तू बोल. तुला काय वाटतं?"

माझं मत त्याने असं कधी विचारलं नव्हतं. मी विचार केला. "सांग," मी म्हणालो. "मी शेजारी बसतो. जे अडेल ते मी सांगतो."

रस्त्याच्या कडेला झाडाखाली गाडी थांबवली. दाजी उतरून लांब जाऊन उभे राहिले. दादाने फोन लावला आणि स्पीकर चालू केला, कारण तिने आजाराचं काही विचारलं असतं तर त्याला नीट सांगता आलं नसतं. तिकडून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. ती बाजूच्या खोलीत गेली असावी, गाणं लांब झालं.

दादाने सगळं सांगितलं. लाजला, अडखळला, पण काही वगळलं नाही. 'खाली' म्हणाला, मग थांबला, मग नेमकं कुठे तेही म्हणाला.

तिने पहिल्यांदा विचारलं, "आता दुखतंय का?"

"गोळी घेतलीये. कमी आहे."

"डॉक्टर लेकरू होणार नाही म्हणाले?"

"बहुतेक होईल म्हणाले. चार महिन्यांनी तपासायचं."

पलीकडचं गाणं संपलं. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला थोड्या वेळानं फोन करते," आणि फोन बंद झाला.

तो थोडा वेळ फार लांबला. घरी पोहोचलो. आईने वेशीवरच दादावरून लिंबू उतरवलं. आप्पांना मी बाजूला घेऊन सांगितलं की दादाने मुलीला कळवलंय. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "आता त्यांचा फोन येऊ दे." आईला सांगायची हिंमत मात्र आम्हा दोघांतही नव्हती. दादा आत पालथ्या हाताने डोळे झाकून पडला होता, मी कपड्यात बर्फ गुंडाळून देत होतो. अंगणात पाहुणे जेवत होते, वाढपी ओरडत होते, आणि मला प्रत्येक रिंगटोन आमचीच वाटत होती.

दिवस कलताना आप्पांचा फोन वाजला. मुलीचे वडील होते. आप्पा उठून उभे राहिले आणि फोनवर "व्हय, व्हय" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर ते आत आले.

"म्हणतात, घोडं सांगितलं होतं ते रद्द केलंय. पोरगी हट्ट धरून बसलीये, घोड्याला त्रास होतो म्हणती. उघडी जीप सजवतो, चालंल का म्हून विचारत होते."

दादा उठून बसला. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, पोरीचा शब्द मोडू नका."

तिचा फोन नंतर आला. या वेळी दादाने स्पीकर लावला नाही, पण मी शेजारीच होतो आणि तिचा आवाज खणखणीत होता. "आईला सांगितलंय. पप्पांना घोड्यापुरतं सांगितलंय, बाकीचं आई सांगेल तिच्या पद्धतीनं. एक ऐका, तपासणीला मी येणार. आणि माझी पण करायची. एकट्याचीच करून मग घरात बसून कुढायचं नाही."

"बरं," दादा म्हणाला. नंतर काय बोलावं त्याला सुचेना, म्हणून त्याने विचारलं, "मेंदी रंगली का?"

मी बर्फ बदलायच्या निमित्ताने बाहेर आलो.

लग्न गुरुवारी लागलं. जीपमधून मारुतीला निघालेल्या नवरदेवावर भावकीने पुरेपूर तोंडसुख घेतलं. "आमचा नवरदेव घोड्याला भ्याला," कुणी म्हणालं. "घोडंच नवरदेवाला भ्यालं," दाजींनी परतवून लावलं. वैजापूरकडच्या मुलांनी नाचायला ओढलं तेव्हा मीच दादापुढे नाचायला उभा राहिलो. मला नाचता येत नाही. लोकांनी व्हिडिओ काढले, ते अजून फिरतात.

चार महिन्यांनी दादा आणि वहिनी माझ्या खोलीवर आले आणि आम्ही त्याच दवाखान्यात गेलो. या वेळी काउंटरवर दादाने स्वतः सांगितलं, "वीर्याची तपासणी करायचीये. दोघांची करायचीये, म्हंजे यांची वेगळी." काउंटरवरच्या ताई हसल्या नाहीत, वहिनी हसली. निकाल आल्यावर डॉक्टर म्हणाले की आकडा कमी आहे, पण आहे, आणि हालचाल चांगली आहे. उजवी बाजू किंचित लहान झालीये, दुसरी काम करतेय. वहिनीचं सगळं ठीक होतं. त्यांनी आणखी काही महिन्यांनी बोलावलं आणि दादाला तंबाखू सोडायला सांगितलं. दुसऱ्या वेळी आकडा वाढलेला होता. "आता तुमच्या घाईनं होणार नाही आणि माझ्या गोळीनं पण नाही," ते म्हणाले. "नीट राहा, होईल."

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो. अंगणात वहिनी मेथी निवडत होती, दादा खाटेवर नळ्यांचे जोड मोजत होता. चुलत्यांकडची काकू आली, वहिनीशेजारी बसली आणि जुडीतली चार पानं हातात घेऊन म्हणाली, "वर्ष होत आलं की गं. काही गोड बातमी? का दाखवायला न्यायचं तुला कुठं?"

वहिनीने मान वर केली, पण दादाने तिला बोलू दिलं नाही.

"काकू, मला विचारा. दाखवायचं ते मला दाखवून झालंय."

"तुला काय झालंय?"

"लग्नाच्या टायमाला मला गालफुगी झाली होती. ती खाली उतरली, गोटीला सूज आली. त्यानं बीज कमी झालं होतं. आता वाढलंय. तिचं सगळं बरं आहे, माझं होत आलंय. वेळ लागेल तेवढा लागेल."

आई आतून बाहेर आली होती, ती दारातच थांबली. काकूचा हात मेथीतच राहिला. मी काकूकडे पाहत होतो. ती हसेल, तोंडाला पदर लावेल, गावभर सांगेल, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. दादा मात्र पुन्हा जोड मोजायला लागला होता, त्याला फार मोठं काही बोलल्यासारखं वाटत नव्हतं.

काकूने हातातली मेथी खाली ठेवली. मग आवाज खाली आणून तिने दादाला विचारलं, "ताप येतो का त्याच्यात? आमच्या बारक्याचे गाल गेल्या आठवड्यापासून सुजलेत. यंदा बारावीला आहे तो. आता वाकडा चालतोय, विचारलं तर सांगत नाय."

दादाने नळ्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, चपला घातल्या.

"कुठं आहे तो?" मी म्हणालो. "चला, मी विचारतो त्याला."